डावीकडे कोण बघतंय?

ब्रिटनमध्ये १८६५ साली एक कायदा झाला. रस्त्यावर वाफेचं इंजिन चालवायचं तर सोबत किमान ३ माणसं हवीत, आणि त्यांतल्या एकाने लाल बावटा घेऊन ६० यार्ड पुढे चालायचं. वेग गावात ताशी २ मैल, गावाबाहेर ४. या कायद्याची आजवर यथेच्छ टिंगल झाली आहे आणि ती बऱ्याच अंशी रास्तही आहे. तरी त्यात एक गोष्ट होती जी पुढच्या दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा हरवली: जड गाडीच्या वाटेत कोण आहे हे बघण्याचं काम एका माणसाला नेमून दिलेलं होतं. १८७८ साली बावटा गेला, अंतरही घटलं. १८९६ साली हलक्या मोटारगाड्यांपुरता तो माणूसही गेला आणि वेगमर्यादा १४ मैलांवर नेली. त्याच वर्षी जर्मनीत डाइमलरने आपला पहिला मोटारट्रक बाजारात आणला. इंजिन ४ अश्वशक्तीचं, पोटात दीड टन माल.

सायकल तोवर रस्त्यावर चांगली रुळली होती. दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली, साखळीने मागचं चाक फिरवणारी स्टार्लीची ‘रोव्हर’ १८८५ची, आणि डनलॉपचा हवा भरलेला टायर १८८८चा. १८८८मध्येच ब्रिटिश कायद्याने सायकलीला ‘गाडी’ म्हणून मान्यता दिली, म्हणजे रस्त्यावरचा तिचा हक्क कागदावर आला. ट्रकच्या आधी ८ वर्षं. ‘ट्रकच्या रस्त्यात सायकलवाले घुसतात’ असं कुणी तावातावाने सांगू लागलं की मला ही ८ वर्षं आठवतात. अर्थात नुसत्या हक्काने कुणाचा जीव वाचत नाही.

दोघांना वेगळं करून टाकावं ही कल्पनाही जुनीच आहे. डिसेंबर १९३४मध्ये लंडनच्या पश्चिमेला वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यालगत खास सायकलींसाठी बांधलेल्या मार्गाचं उद्घाटन परिवहनमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी केलं. लांबी सुमारे ४ किलोमीटर. सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या क्लबने त्याला कडाडून विरोध केला. त्यांची भीती अशी की आज बाजूला वेगळी पट्टी देतील आणि उद्या मुख्य रस्त्यावरून हाकलतील. आज वाचताना हा विरोध आडमुठा वाटतो, पण त्यांचं एक म्हणणं पटण्यासारखं होतं. असा मार्ग सरळ रस्त्यावर, म्हणजे धोका कमी असतो तिथे सोबत करतो आणि नेमका चौकात हात सोडतो. ट्रक आणि सायकलची गाठ पडते ती चौकातच.

तिथे काय होतं ते नीट बघायला हवं, कारण पुढचे सगळे कायदे त्या काही सेकंदांभोवतीच फिरतात. वाहतूक डाव्या बाजूने चालते अशा देशातला चौक धरू. सिग्नल लाल आहे, ट्रक उभा आहे, त्याला डावीकडे वळायचंय. लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, कोपऱ्याकडे आत सरकत जातात. हे ड्रायव्हरला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो आधी गाडी थोडी उजवीकडे घेतो. मागून आलेल्या सायकलस्वाराला दिसतं ते उलटंच: ट्रक उजवीकडे चाललाय, डावीकडे ऐसपैस जागा झालीय. तो त्या जागेत शिरतो. हिरवा दिवा लागतो, ट्रक डावीकडे वळू लागतो आणि ती जागा पुढून मागे मिटत जाते. अशा अपघातांत वेग बहुतेक वेळा नगण्य असतो. धडकेपेक्षा मागचं चाक जीव घेतं.

ड्रायव्हरला हे दिसत का नाही? ट्रकवाल्यांच्या बोलीत त्या बाजूला ‘क्लीनर साइड’ म्हणतात, आणि उत्तर त्या नावातच आहे. तिकडच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायला पूर्वी एक माणूस असायचा. युरोपातही सुरुवातीच्या वाफेच्या आणि मोटारच्या ट्रकवर चालकासोबत जोडीदार असे. मजुरी वाचवण्यासाठी तो गेला, पण त्याचं काम कुणाच्याच अंगावर पडलं नाही. त्यात केबिन उंच होत गेली. युरोपात ट्रकच्या एकूण लांबीला कायद्याने मर्यादा आहे. केबिनची जितकी लांबी वाचेल तितका माल जास्त बसतो, म्हणून ड्रायव्हरला थेट इंजिनच्या वर बसवलं. समोरून सपाट, विटेसारखी दिसणारी ती केबिन अशी घडली. बांधकामावरचे डंपर तर आणखी उंच, कारण त्यांना खड्ड्याखाचरांत उतरावं लागतं. प्रत्यक्षात त्यांचा बराचसा दिवस जातो डांबरी रस्त्यावर, शहराच्या गर्दीत.

डच लोक या जागेला ‘डोडे हुक’ म्हणतात, जर्मन ‘टोटर विंकेल’, फ्रेंच ‘आंगल मॉर’. तिन्हींचा अर्थ एकच, मेलेला कोन. इंग्रजीतला ‘ब्लाइंड स्पॉट’ त्यापुढे बराच सौम्य वाटतो.

नेदरलँड्सचा उल्लेख आला की ‘तिथे लोक मुळातच सायकलवेडे’ असं म्हणून विषय मिटवला जातो. ते खरं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही शहरं मोटारींसाठी मोकळी केली जात होती. १९७१ साली डच रस्त्यांवर ३ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखातून ‘स्टॉप डे किंडरमोर्ट’, म्हणजे ‘मुलांचे खून थांबवा’, ही चळवळ उभी राहिली. मुलं घेऊन आईबाप रस्ते अडवून बसले. १९७३च्या तेलटंचाईत मोटारींना बंदी असलेले रविवार आले आणि मोकळा रस्ता कसा दिसतो ते सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या काही दशकांत चौकांची रचनाच बदलली. सायकलमार्ग चौकात कोपऱ्यापासून थोडा आत घेतला आणि मध्ये छोटं बेट ठेवलं. त्यामुळे ट्रक बराचसा वळून झाल्यावरच सायकलींच्या वाटेला येतो. सायकलस्वार त्याच्या कडेला न राहता समोरच्या काचेत येतो. आरशाची गरजच कमी केली.

बाकीच्यांनी आरसे वाढवले. त्याआधी, १९८०च्या दशकात, ब्रिटनने आणि मग युरोपीय समुदायाने ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधली मोकळी जागा आडव्या पट्ट्यांनी बंद करायला लावली. कडेला पडलेला माणूस चाकाखाली ओढला जाऊ नये इतकाच हेतू. पण डंपरसारख्या बांधकामाच्या गाड्यांना यातून सूट मिळाली. खडबडीत जमिनीवर पट्ट्या अडकतात, असं कारण. ज्या गाड्या शहरात सर्वांत घातक ठरत होत्या, त्यांनाच नेमकी ही सूट.

आरशांचा युरोपीय नियम २००३चा. आधीच रस्त्यावर असलेल्या ट्रकांनाही ते मार्च २००९पर्यंत लावून घ्यायचे होते. नव्या ट्रकवर आता सहाएक आरसे आले: दोन मुख्य, दोन रुंद कोनाचे, एक दाराखालचं दाखवणारा, एक नाकासमोरचं. जर्मनीत एका बापाने वेगळा मार्ग काढला. १९९४ साली त्याच्या मुलीला काँक्रीटच्या ट्रकने गंभीर जखमी केलं होतं. त्याने सिग्नलच्या खांबावरच लावायचा बहिर्गोल आरसा तयार केला. मुलीच्या नावावरून तो ‘ट्रिक्सी’ आरसा म्हणून ओळखला जातो. काही जर्मन शहरांनी तो घेतला, पुढे लंडननेही लावून पाहिला.

लंडनमध्ये लंडन शहर वाहतूक प्राधिकरणासाठी केलेल्या एका अभ्यासातून २००७ साली विचित्र आकडा समोर आला. १९९९ ते २००४ या काळात शहरात मेलेल्या स्त्री सायकलस्वारांपैकी ८६ टक्के ट्रकच्या धडकेत गेल्या होत्या. पुरुषांत हे प्रमाण ४७ टक्के. अभ्यासकांचा अंदाज असा की बायका लाल दिवा पाळतात. पाळतात म्हणजे ट्रकच्या डाव्या अंगाला, अगदी दिसणार नाही अशा जागी थांबून राहतात. पुरुष सिग्नल तोडून पुढे निघून जातात. यातून ‘सिग्नल तोडा’ असा अर्थ काढणारे महाभाग निघालेच, पण मुद्दा निराळा होता. नियम पाळणाऱ्याला नियमच धोक्याच्या जागी उभं करत होता. रस्त्यावरच्या रंगाचाही त्यात हातभार होता. सिग्नलच्या रेषेपुढे सायकलींसाठी राखलेला चौकोन ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकापासून आखला जाऊ लागला. चौकोनात पोचायची चिंचोळी पट्टी बहुतेक ठिकाणी डाव्या कडेने, म्हणजे थेट त्या मेलेल्या कोनातून जायची. आणि एवढं करून चौकोनात पोचलेला सायकलस्वार उंच केबिनच्या नाकाखाली पुन्हा दिसेनासा व्हायचा.

त्याच सुमाराची एक गोष्ट लंडनच्या चळवळीत अजून सांगितली जाते. २००० साली एका बाईंची सायकलवरून जाणारी मुलगी सिमेंटच्या ट्रकखाली गेली. बाईंनी त्या कंपनीचे शेअर विकत घेतले, भागधारकांच्या सभेत गेल्या आणि बोलायला उभ्या राहिल्या. ट्रकवर सेन्सर आणि जादा आरसे का नाहीत, एवढंच विचारलं. कंपनीने ते बसवले. मोर्चे बरेच निघाले, पण एवढं थेट उत्तर क्वचितच कुणाला मिळालं असेल.

लंडन पोलिसांचा उपक्रम मात्र साधा होता. रस्त्याकडेला एक ट्रक उभा करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलस्वारांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं. तीन पायऱ्या चढून आत गेलं की पहिल्यांदा जाणवते ती उंची. मग खाली एक पोलीस सायकल घेऊन डाव्या दाराशी उभा राहतो आणि वर बसलेल्याला विचारतात, दिसतोय का? खिडकीतून तो दिसत नाही. आरशात हेल्मेटचा तुकडा दिसला तर दिसला, तोही कुठल्या आरशात बघायचं ते सांगितल्यावर. उलट बाजूने ट्रकचालकांनाही सायकलवर बसवून त्याच रस्त्यांवर फिरवणारे वर्ग निघाले. ‘काळजी घ्या’ छापाच्या शंभर पत्रकांपेक्षा ही १० मिनिटं जास्त कामाची, असं मला वाटतं.

नोव्हेंबर २०१३मध्ये लंडनमध्ये दोन आठवड्यांच्या आत ६ सायकलस्वार मेले. सगळे ट्रकखाली गेले नव्हते, पण त्यानंतर ‘दोघांनीही सांभाळून चालवा’ ही भाषा पुरेनाशी झाली. १ सप्टेंबर २०१५पासून साडेतीन टनांवरच्या ट्रकना लंडनमध्ये बाजूच्या पट्ट्या आणि जवळचं दाखवणारे आरसे सक्तीचे झाले, देशाच्या कायद्यात सूट असलेल्या डंपरांनाही. तरी २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत सायकलस्वारांच्या ६३ टक्के प्राणघातक टकरींत जड ट्रक होता. शहरात चाललेल्या एकूण मैलांत ट्रकांचा वाटा जेमतेम ४ टक्के.

आरसे आले, तरी असं का? याचं एक उत्तर २०१६ साली लीड्स विद्यापीठाच्या सहभागाने झालेल्या प्रयोगांत मिळालं. काचेतून थेट माणूस दिसला तर ड्रायव्हर जितक्या लवकर हालचाल करतो, त्याहून आरशात किंवा पडद्यावर दिसल्यावर सुमारे ०.७ सेकंद उशिरा करतो. ताशी १५ मैल वेगाला तेवढ्यात ट्रक ४.७ मीटर पुढे गेलेला असतो. सहा आरसे, सिग्नल, समोरची गाडी हे सगळं एकट्याने बघायचं म्हटल्यावर त्यात नवल नाही. ड्रायव्हरला निष्काळजी ठरवणं सोपं असतं, पण अशा केबिनमध्ये सर्वांत दक्ष माणूसही ०.७ सेकंद मागेच राहतो.

गंमत म्हणजे यावरचा उपाय रस्त्यावर आधीपासून फिरत होता. कचरागाडीची केबिन बुटकी असते, दारं मोठ्या काचेची. सायकलस्वारांची कणव येऊन कुणी ती तशी केली नव्हती. सफाई कामगारांना दिवसातून असंख्य वेळा चढावं-उतरावं लागतं, त्यांच्या गुडघ्यांसाठी ती खाली आणली होती. सायकल संघटनांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, डंपर असा का नको?

त्यातून लंडनचं ‘थेट दृष्टी मानक’ आलं. ड्रायव्हरला आरशाशिवाय, काचेतून किती दिसतं यावरून १२ टनांवरच्या प्रत्येक ट्रकला ० ते ५ तारे. मार्च २०२१पासून परवान्याशिवाय शहरात येणाऱ्या ट्रकला ५५० पौंड दंड सुरू झाला. आधी एक तारा पुरत होता, ऑक्टोबर २०२४पासून तीन लागतात. बाकीच्या देशांनी आपापली वाट काढली. जर्मनीत २०२०पासून शहरात उजवीकडे वळताना जड ट्रकने माणसाच्या चालीने जायचं (तिथे वाहतूक उजव्या बाजूने, म्हणून धोक्याचं वळणही उजवं). फ्रान्सने २०२१पासून जड वाहनांवर मेलेले कोन दाखवणारे फलक चिकटवायला लावले. फलक वाचायची वेळ येते तेव्हा वाचणारा बहुधा त्या कोनात शिरलेला असतो, हा भाग वेगळा. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत जानेवारी २०२२मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की जास्त इजा करू शकणाऱ्या वाहनाची जबाबदारी जास्त.

युरोपीय संघात नव्या ट्रकना कडेची सायकल ओळखणारी यंत्रणा जुलै २०२४पासून सक्तीची आहे. खिडकीतून थेट किती दिसायला हवं याचा नियम नव्या मॉडेलना २०२६पासून आणि सगळ्या नव्या ट्रकना २०२९पासून लागू होतो. लंडनमध्ये तीन तारे नसलेल्या ट्रकवर कॅमेरे आणि नव्या पद्धतीचे सेन्सर लावले तर परवाना मिळतो. जुने सेन्सर रेलिंग, खांब, उभ्या मोटारी अशा कशालाही वाजायचे आणि चालक त्यांच्याकडे लक्ष देईनासे झाले होते. नव्या अटीत लिहिलंय की सेन्सरने खांबासाठी वाजायचं नाही, माणसासाठी वाजायचं.