मैदान, पाळी आणि पोटभर जेवण

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख प्रवेशपत्रावर छापून येते आणि पाळी तिच्या तारखेला येते. दोन्ही एकाच दिवशी आल्या तरी ८०० मीटर धावायचंच असतं, १०० मीटर जीव तोडून पळायचं असतं आणि गोळाही फेकायचा असतो. ऑलिंपिकमध्येही हेच घडतं. २०२४ साली पॅरिसला वेटलिफ्टर मीराबाई चानूचं कांस्यपदक एका किलोने हुकलं. तो आपल्या पाळीचा तिसरा दिवस होता, हे तिने नंतर मोकळेपणाने सांगितलं. असं बोलणाऱ्या खेळाडू आणखी हव्यात.

पाळीत ताकद खरंच कमी होते का? २०२० साली बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरीत पडणारा फरक सरासरीने अगदी किरकोळ निघाला. पण धावते ती सरासरी नव्हे, एक मुलगी. एकीला काहीच जाणवत नाही, दुसरीला अंथरुणातून उठवत नाही. म्हणून सरावाच्या वहीत वेळेशेजारी पाळीचा दिवसही लिहावा. तीन-चार महिन्यांत स्वतःचं गणित कळू लागतं.

पोटात कळा येतात त्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे. गर्भाशयाचं अस्तर सुटताना ती तयार होतात आणि गर्भाशय आवळतात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. त्यामुळे दुखणं सुरू होताच घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते. उपाशीपोटी मात्र घेऊ नये, आणि दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. पाळी पुढे ढकलण्याची नॉरएथिस्टेरॉनची गोळी तर मेडिकलमधून परस्पर आणूच नये. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असलेल्या बाईला ती घातक ठरू शकते.

आता डागांचं. पॅड बनवलंय ते चालण्या-बसण्यासाठी. धावताना ते सरकतं, विंग्ज गोळा होतात, खालच्या प्लास्टिकमुळे घाम अडकतो आणि ओल्या कडा मांडीला घासत राहतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला आग व्हायला लागते आणि घरी जाऊन पाहावं तर कातडी सोलवटलेली. लांब पायांची घट्ट शॉर्ट्स आत घातली आणि मांड्यांना आधी व्हॅसलीन लावलं तर बरंच निभावतं. पिरियड पँटी, म्हणजे रक्त शोषून घेणारी चड्डी, कमी स्रावाच्या दिवशी चांगली. टॅम्पॉन, म्हणजे योनीत घालायचा शोषक बोळा, चार ते आठ तासांत बदलावाच लागतो.

धावणाऱ्या मुलींसाठी मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे योनीत बसवायचा, रक्त साठवणारा मऊ कप. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं आणि बहुतेक कपांत एका वेळी २० ते ३० मिलिलिटर मावतं. पहाटे घरी बसवून निघालं की ग्राउंडवर बाथरूम नसलं तरी अडत नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला. त्यात कप सुरक्षित असल्याचं आणि गळतीच्या बाबतीत पॅडइतका किंवा त्याहून बरा असल्याचं दिसलं. हात धुवून, कप दुमडून आत सरकवायचा, तो आत उघडतो. काढताना नुसता दांडा ओढायचा नाही, बूड चिमटीत दाबून आधी हवा आत जाऊ द्यायची. दर पाळीला उकळून घ्यायचा आणि १२ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. हात बसायला दोन-तीन पाळ्या जातात, म्हणून पहिला प्रयोग चाचणीच्या दिवशी नको. तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण कप ओढताना ती निसटू शकते.

मला खरी काळजी वाटते ती पाळी थांबलेल्या मुलींची. सराव वाढला की काहींची पाळी लांबते, मग बंदच होते. ‘बरं झालं, कटकट गेली’ असं मैत्रिणी म्हणतात, क्वचित प्रशिक्षकही म्हणतात. हे बरं झालेलं नसतं. शरीराला अन्न पुरत नाही असं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं, आणि तो बीजकोषांना जाणारे इशारे मंद करतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात, तीही हाडं भरण्याच्या वयात. नडगी दुखते म्हणून मुलगी बर्फ लावत बसते आणि आत हाडाला बारीक चीर गेलेली असते.

हिशोब करून पाहा. ५० किलोच्या मुलीच्या अंगात चरबी सोडून साधारण ४० किलो वजन असतं. त्या दर किलोमागे, व्यायामात जळलेलं वजा करून, रोज सुमारे ४५ किलोकॅलरी उरायला हव्यात. ३० च्या खाली गेलं की संप्रेरकं बिघडण्याची शक्यता वाढते. व्यायामात ५०० जळत असतील तर ताटात २३०० लागतात. सकाळी पोहे, दोन्ही वेळा दोन पोळ्या-भाजी, दोन चहा, यांची बेरीज जेमतेम १५०० होते. म्हणजे उरल्या किलोमागे २५. ही मुलगी ‘डाएट’ करत नाही, तरीही उपाशीच आहे. सरावानंतर लगेच दूध-केळी, मुठभर शेंगदाणे-गूळ, जेवणात एक भाकरी आणि वाटीभर उसळ जास्त, इथून सुरुवात होते. उसळीवर लिंबू पिळावं आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, म्हणजे लोह नीट शोषलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मग धाप लागते ती नेहमी सराव कमी पडला म्हणूनच, असं कसं म्हणायचं?

लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जावं. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ, पीसीओएस हा बीजकोषांचा विकार ही कारणं आधी तपासावी लागतात. रोज किती धावता आणि काय खाता, हे त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगावं. गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला जो रक्तस्राव होतो, तो गोळी थांबवल्यामुळे होतो. तो दिसला म्हणून मूळची पाळी परतली असं होत नाही, ताटातली तूट तशीच राहते.