एकाच पंपाचे दोन दमेकरी

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात निळे पंप दोन. एक काकूचा, एक काकांचा. काकूला लहानपणापासून दमा. काकांनाही दमाच, वर तीस वर्षांची सिगरेट. डिसेंबरात पहाटेचा गारठा पडला की दोघांची छाती एकदमच वाजू लागते. पंप मारल्यावर पाच-दहा मिनिटांत काकू चहा टाकायला उठते. काका मात्र खिडकीशी बसून पंप कानाजवळ हलवत असतात. “संपलाय बहुतेक.” संपलेला नसतो.

दोन्हीकडे औषध सालबुटामॉलच. श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू ते सैल करतं, असर चार-सहा तास. आतली सूज त्याने उतरत नाही. ते काम स्टेरॉइडच्या पंपाचं. म्हणूनच २०१९ पासून ‘जिना’ (GINA) या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचना दम्याला नुसता निळा पंप नको म्हणतात. काकूचं दुखणं मुख्यतः आवळण्याचं. काकांच्या नळ्या धुराने जाड झाल्यात, कफ चिकट, आणि जे कायमचं बिघडलं ते सैल कसं होणार? स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीत, आधी फुंकायचं, मग पंपाचे चार पफ, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढली तर नळ्या मोकळ्या होताहेत असं धरतात. काकूची सहज वाढली, काकांची जेमतेम.

म्हणून काकांना ‘सीओपीडी’, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, म्हणून मोकळं व्हायचं का? तिथेच घोटाळा होतो. फॉर्मोटेरॉलसारखं नळ्या सैल करणारं लांब पल्ल्याचं औषध सीओपीडीत स्टेरॉइडशिवाय चालतं. दम्यात ते एकटं देणं धोक्याचं. सिगरेट ओढणाऱ्यांवर स्टेरॉइडचा पंप कमी चालतो, तरी दमा असेल तर तो सोडता येत नाही.

खरी गंमत काका घेतात त्या थिओफिलिनच्या, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या, गोळीची. सिगरेटच्या धुरामुळे यकृत हे औषध भराभर संपवतं, त्यामुळे ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. हे निकोटिनमुळे होत नाही, धुरातल्या इतर रसायनांमुळे होतं. म्हणजे निकोटिनचा पॅच लावून सिगरेट सोडली तरी जुना डोस अंगात साठू लागतो. काकांनी यंदा दिवाळीनंतर सिगरेट सोडली. आठवड्याभरात मळमळ, धडधड, बशीतला चहा हिंदकळायला लागला. “बघ, सोडली आणि बाधली,” म्हणाले. डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला. आता चहा बशीतच राहतो.