बालकल्याण संस्थांची भागीदारी (ठाणे जिल्हा)

निराधार, हरवलेल्या, घरातून निघून आलेल्या किंवा अत्याचारग्रस्त मुलांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी शासन, महापालिका, पोलीस, रेल्वे आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून चालवलेले काम. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा त्याचा कायदेशीर आधार. केंद्राचा निधी मिशन वात्सल्य योजनेतून येतो.

या भागीदारीची कसोटी लागते ती रेल्वे स्थानकांवर. कल्याण जंक्शनला लांब पल्ल्याच्या गाड्यांतून एकटी मुले उतरतात. कोणी घरच्या मारहाणीला कंटाळलेले, कोणी कामाच्या शोधात. त्यांच्याशी पहिल्यांदा बोलतो तो बहुधा रेल्वे सुरक्षा दलाचा जवान किंवा फलाटावर फिरणारा संस्थेचा कार्यकर्ता. समतोल फाउंडेशन ही संस्था याच कामासाठी ओळखली जाते. मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष व ४ सदस्यांच्या या समितीला न्यायपीठाचे अधिकार असतात. ती मुलाला बालगृहात ठेवते आणि सामाजिक तपास अहवाल (मुलाच्या घरच्या परिस्थितीची माहिती) मागवते.

पुढचे काम चिकाटीचे. लहान मूल पत्ता सांगू शकत नाही, मोठे मूल मुद्दाम सांगत नाही. समुपदेशक रोज थोडे बोलत राहतो, तेव्हा शाळेमागचा साखर कारखाना, आठवडी बाजाराचा वार अशा खुणा हाती लागतात. त्यावरून दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा राज्यातील बाल संरक्षण कक्षाशी (मुलांच्या संरक्षणाचे काम पाहणारे जिल्ह्याचे सरकारी कार्यालय) संपर्क होतो आणि तिथला माणूस घर शोधून गृहचौकशी करतो. मूल घर सोडून का आले, हे या भेटीतच कळते. ती घाईत उरकली, तर मूल पुन्हा त्याच मारहाणीत परत जाते.

नवी मुंबईत हद्दीचा प्रश्न येतो. बेलापूर, नेरूळ, वाशी ठाणे जिल्ह्यात, तर खारघर आणि पनवेल रायगड जिल्ह्यात. एकाच हार्बर मार्गावर एका स्थानकाच्या अंतराने समिती आणि कक्ष दोन्ही बदलतात. त्यामुळे संस्थांना दोन्हीकडे संबंध राखावे लागतात.

महापालिकेबरोबरच्या भागीदारीचे ठळक उदाहरण म्हणजे ठाण्याची सिग्नल शाळा. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये ठाणे महापालिका व समर्थ भारत व्यासपीठ यांनी ती सुरू केली. सिग्नलवर गजरे आणि किरकोळ वस्तू विकणारी मुले आंघोळ करून, खाऊन तिथल्या कंटेनरमधल्या वर्गात बसू लागली. शाळाच मुलांपाशी गेली आणि त्यांना आईवडिलांपासून तोडावे लागले नाही, हे तिचे मोठे यश. गरिबीमुळे मूल संस्थेत टाकावे लागू नये, हे कायद्यालाही अभिप्रेत आहे.

कुटुंबाला मदत देण्याचे मुख्य साधन बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेल्या किंवा पालक गंभीर आजारी असलेल्या मुलांसाठी राज्य शासन दरमहा २,२५० रुपये देते. मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची (मूल कुटुंबातच वाढावे म्हणून दिलेल्या मदतीची) रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. पैसा शासनाचा असला, तरी दाखले जमवणे, बँकेत खाते उघडून देणे, घरी भेट देत राहणे हे बहुतांशी कार्यकर्त्यांच्या अंगावर पडते. मृत्यूचा दाखला किंवा रहिवासाचा पुरावा नसल्याने अनेक विधवा माता अर्जापर्यंतच पोहोचत नाहीत. सर्वांत दुबळी कडी पाठपुराव्याची: मूल घरी पोहोचले की अनेकदा फाइल बंद होते.

दत्तक प्रक्रियेत डोंबिवलीची जननी आशिष व नेरूळची विश्व बालक ट्रस्ट या संस्था कार्यरत आहेत. दत्तक आदेशाचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला.

ग्रामीण भागात प्रश्न स्थलांतराचा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याआधी परततात. या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा (भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी) चालवल्या. शिक्षण विभाग स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी पत्रक देतो, जेणेकरून नव्या गावच्या शाळेने त्यांना लगेच बसवून घ्यावे. ते पत्रक शाळेपर्यंत नेणारे कोणी भट्टीवर पोहोचले, तरच त्याचा उपयोग होतो.