एन्सेफलायटिस लेथार्जिका

(निद्रालस मस्तिष्कशोथ). मेंदूचा दाह होऊन अनावर झोप, डोळ्यांच्या हालचालींत बिघाड आणि पुढे कित्येकदा कंपवात निर्माण करणारा विकार. याची साथ साधारणतः १९१६-१७ च्या हिवाळ्यात युरोपात सुरू झाली आणि १९२० च्या दशकाअखेर ओसरली. व्हिएन्नाचे मेंदूविकारतज्ज्ञ कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये त्याला हे नाव दिले. फ्रान्समध्ये क्रूशे या डॉक्टरांनीही त्याच वर्षी असे रुग्ण नोंदविले; परंतु या विकाराला वेगळी ओळख मिळाली ती मुख्यतः इकोनोमोंच्या मांडणीमुळे. त्यांचे रुग्ण जेवताना तोंडातला घास तसाच ठेवून झोपी जात, मात्र हाक मारल्यास जागे होऊन सुसंगत उत्तरे देत.

कारणाविषयी मतभेद आहेत. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या (फ्लूच्या) जागतिक साथीशी संबंध जोडणारे विद्वान प्रामुख्याने प्रशांत महासागरातील सामोआ बेटांचा दाखला देतात. पश्चिम सामोआत त्या साथीत सुमारे एकपंचमांश लोक दगावले आणि नंतरच्या वर्षांत मस्तिष्कशोथाचे मृत्यूही बरेच नोंदले गेले. जहाजांवर कडक विलगीकरण लादून साथ रोखणाऱ्या अमेरिकन सामोआत ते नगण्य होते. सिअ‍ॅटलमध्ये इन्फ्ल्यूएंझाच्या लाटेनंतर सुमारे वर्षभराने या विकाराचे मृत्यू वाढल्याचे रेव्हनहोल्ट व फेगी या संशोधकांनी १९८२ मध्ये दाखविले. तथापि व्हिएन्नातील पहिले रुग्ण १९१८ च्या साथीच्या आधीचे आहेत, आणि जतन केलेल्या मेंदूच्या नमुन्यांत इन्फ्ल्यूएंझा विषाणूचा आरएनए (त्याचा आनुवंशिक पदार्थ) आढळलेला नाही. जुन्या नमुन्यांत आरएनए टिकणे अवघड असल्याने हा पुरावा निर्णायक नसला, तरी विषाणूने मेंदूत थेट शिरकाव केल्याचे मत त्यामुळे दुबळे ठरते. संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदूतील तलस्थ गंडिकांवर (हालचालींचे नियमन करणाऱ्या खोलवरच्या भागांवर) उलटत असावी, हे मत त्या मानाने अधिक ग्राह्य वाटते. २००४ मधील एका अभ्यासात अशाच लक्षणांच्या बऱ्याच रुग्णांत या गंडिकांविरुद्धची प्रतिपिंडे (प्रतिकारयंत्रणेने तयार केलेली प्रथिने) आढळली, मात्र तेथे संशय घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस या जीवाणूच्या संसर्गावर होता.

अधोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडील भागाच्या मागील बाजूस इजा असल्यास झोप आणि पुढील बाजूस असल्यास निद्रानाश होतो, हे इकोनोमोंचे अनुमान पुढील संशोधनाने बहुतांशी ग्राह्य ठरविले. वाचलेल्यांपैकी अनेकांना काही वर्षांनी कंपवात जडला. त्यात बुबुळे मिनिटे वा तासभर वरच्या बाजूला खिळून राहण्याचे झटके विशेष आढळत. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमधील अशा दीर्घकालीन रुग्णांना लेव्होडोपा हे कंपवातावरील औषध दिल्यावर हालचाल परतली. परंतु हा लाभ बहुतेकांत टिकला नाही. आता तुरळक रुग्णच आढळतात. खात्रीची चाचणी नसल्याने अन्य कारणे वगळूनच निदान करतात.