पगारपत्रकातला 'पीटी' आणि दुष्काळाचा पैसा

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फेब्रुवारीचा पगार झाला की कुणीतरी मुनिमाला विचारतंच, "ह्या महिन्याला शंभर जास्त का कापले?" उत्तर ठरलेलं: पीटी. अकरा महिने 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. पीटी म्हणजे व्यवसाय कर. तो मुळात रोजगार हमीसाठी लावला गेला होता, हे मुनीमही सांगत नाही, कारण बहुतेकदा त्यालाही ठाऊक नसतं.

दुष्काळासाठी धंद्यावर कर बसवण्याची कल्पना मात्र इंग्रजांच्या काळातली. 1876-77 च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. त्याच धामधुमीत, 1877 साली, शहरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. तीच आपली जुनी गिरणी. पुढच्याच वर्षी सरकारने व्यापाऱ्यांवर लायसन टॅक्स लादला. सुरतेत त्यावरून दंगा झाला. पुढच्या दुष्काळासाठी वर्षाला दीड कोटी रुपये बाजूला राहतील, असं सरकारने सांगितलं होतं. पण त्यासाठी वेगळी तिजोरी अशी नव्हतीच, सगळा पैसा एकाच थैलीत. 1878 मध्ये अफगाण युद्ध पेटलं आणि थैली तिकडे रिकामी होऊ लागली. दादाभाई नौरोजींच्या पिढीने यावर रान उठवलं, ते उगाच नाही.

शंभर वर्षांनी, 1972 च्या दुष्काळात, तीच उन्हं आणि तीच माणसं. खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला अख्खी गावं उतरली. ताटात सुकडी हा कोरडा पोषक खाऊ आणि मिलो या परदेशी ज्वारीची लाल भाकरी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहाने आलेली रोजगार हमी योजना या काळात राज्यभर पसरली. खर्च कुठून? 1975 चा व्यवसाय कर त्यासाठीच आला, जोडीला मोटारवाहन कर, विक्रीकर, बागायती शेतसारा यांवरचे अधिभार. सरळ हिशेब होता: शहरातला पगारदार खेड्यातल्या मजुराचा भार थोडा उचलणार.

यावेळी 1977 च्या रोजगार हमी कायद्यात 'रोजगार हमी निधी' असं नाव घालून पैशाला वेगळं घर दिलं, आणि कराइतकीच रक्कम सरकारनेही घालायची अशी अट ठेवली. 26 जानेवारी 1979 पासून कायदा लागू झाला. एकोणिसाव्या शतकातल्या त्या थैलीपेक्षा हे कुलूप नक्कीच बरं.

पुढे 2006 पासून केंद्राची रोजगार हमी आली आणि मजुरीच्या खर्चाचा मोठा वाटा दिल्लीच्या माथी गेला. कपात मात्र चालूच राहिली. राज्यघटनेत या कराची मर्यादा आधी वर्षाला 250 रुपये होती, ती 1988 मध्ये 2500 झाली आणि तिथेच थांबली. म्हणून तर त्या फेब्रुवारीच्या 300 शिवाय हिशेब जुळत नाही.