एक प्रवास, तीन तिकिटं: मुंबईतल्या भाड्यांची पार्श्वभूमी

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीला जायला तीन आणे पडत आणि तिकीट मिळत नसे. पैसे द्यायचे आणि बसायचं. ट्रामला गर्दी होऊ लागली तसं भाडं दोन आण्यांवर आलं. फुकट जाणारेही वाढले, म्हणून त्याच वर्षी तिकिटं सुरू करावी लागली. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे तर त्याआधी एकवीस वर्षं धावत होती आणि तिचं भाडं दुसरीच कंपनी ठरवत होती. दोन वाहनं, दोन मालक, दोन तिकिटं ही मुंबईची सवय तेव्हापासूनची.

पुढे मालक बदलले, सवय तशीच राहिली. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२६ मध्ये बस आली आणि ऑगस्ट १९४७ मध्ये हा सगळा कारभार महापालिकेकडे, म्हणजे तिच्या ‘बेस्ट’ या उपक्रमाकडे आला. ट्राम आणि शहराची वीज एकाच कंपनीच्या हाती होती, त्यामुळे बेस्टला एक मोठा आधार मिळाला: विजेत उरलेल्या पैशातून बसचा तोटा भरून निघे. स्वस्त बस ही शहराची गरज आहे आणि तिचा भार थोडा विजेच्या बिलावर पडला तरी चालेल, असा तो हिशेब. मला तो आजही शहाणपणाचा वाटतो. पण २००३ च्या वीज कायद्यानंतर वीजदर नियामक आयोगाच्या कक्षेत गेले, एकाच्या बिलातून दुसऱ्याचा तोटा भरण्यावर बंधनं आली आणि बसचं भाडं एकटं पडलं. बेस्टला भाडं वाढवायचं तर आधी महापालिकेची मंजुरी लागते, मग मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरणाची. रिक्षा-टॅक्सीचं भाडंही हेच प्राधिकरण ठरवतं. तिथवर पोहोचेपर्यंत निवडणुका, आंदोलनं, डिझेलचे दर असं बरंच काही मध्ये येतं, म्हणून बसचं भाडं वर्षानुवर्षं हलत नाही आणि मग एकदम उडी घेतं. ९ जुलै २०१९ ला साध्या बसचं किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं तेव्हा प्रवासी भराभर परतले, जसे दोन आण्यांच्या काळात वाढले होते. ९ मे २०२५ पासून तेच भाडं १० रुपये झालं आणि वातानुकूलित बसचं ६ वरून १२.

लोकलचं भाडं मुंबईत ठरतच नाही. रेल्वे कायद्याने तो अधिकार केंद्र सरकारचा आहे. मुंबईकर त्यावर रागावू शकतात, पण महापालिकेत किंवा मंत्रालयात जाऊन उपयोग नाही. जून २०१४ मध्ये हे ठळकपणे दिसलं. भाडेवाढीबरोबर मासिक पासचा हिशेबही बदलण्याचा निर्णय झाला होता. महिन्याच्या पासला पंधरा एकेरी फेऱ्यांचं भाडं लागतं, ते तीस फेऱ्यांचं होणार होतं. डोंबिवली, विरारहून रोज येणाऱ्यांचा खर्च दुप्पट झाला असता. महाराष्ट्रातले खासदार दिल्लीत रेल्वेमंत्र्यांना भेटले आणि काही दिवसांतच पंधरा फेऱ्यांचा हिशेब कायम राहिला. पास हा मुंबईतला सर्वांत स्वस्त प्रवास आहे आणि तो त्या आठवड्यात थोडक्यात वाचला.

त्याच महिन्यात, ८ जूनला, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि भाडं ठरवणारा तिसरा पक्ष आला. या मार्गिकेची आखणी झाली तेव्हा आधार होता तो १८८६ च्या ट्रामवे कायद्याचा, आणि करारात ९, ११ आणि १३ रुपये असं भाडं होतं. पुढे मार्गिका केंद्राच्या मेट्रो कायद्याखाली आली. त्या कायद्यानुसार सुरुवातीचं भाडं मेट्रो चालवणारा ठरवतो आणि नंतरचं भाडं उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती. मेट्रो चालवणाऱ्या कंपनीने १० ते ४० रुपये भाडं जाहीर केलं, राज्य सरकारचं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) न्यायालयात गेलं आणि कंपनीला वाढीव भाडं घेण्याची मुभा मिळाली. २०१५ मध्ये समितीने थेट ११० रुपयांपर्यंतची मर्यादा सुचवली. ११.४ किलोमीटरसाठी! डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समितीचा निर्णय रद्द केला. साडेतीन वर्षं वाद चालला, पण लोकल आणि बसने येणाऱ्याला एकत्रित भाडं मिळावं का, हा प्रश्न त्या वादात कुठेच नव्हता. तो विचारण्याचा अधिकार कोणत्याही एका संस्थेकडे नव्हता.

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच मोठ्या शहरांसाठी एकत्रित वाहतूक प्राधिकरण सुचवलं होतं. प्रत्यक्षात आधी कार्ड आलं आणि मग ॲप. कोणत्याही शहरात चालेल असं राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्ड मार्च २०१९ मध्ये आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये, आरे ते कफ परेड भूमिगत मेट्रो पूर्ण सुरू झाली त्याच सुमारास, ‘मुंबई वन’ ॲप आलं. लोकल, मेट्रो, मोनोरेल, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवलीच्या बसगाड्या धरून अकरा सेवांच्या तिकिटांसाठी ते आणलं गेलं. तिकीट खिडकीची रांग आणि सुट्या पैशांची कटकट त्याने वाचते, आणि रोज धावणाऱ्या माणसाला ते थोडं नाही.

मात्र एका क्यूआर कोडमागे भाडी वेगवेगळीच असतात. साधी लोकल, मेट्रो आणि बेस्टची साधी बस अशा तिन्ही टप्प्यांत अगदी थोडं अंतर गेलात तरी ५, १० आणि १० मिळून २५ रुपये होतात, कारण प्रत्येक वाहनात बसताना किमान भाडं नव्याने सुरू होतं. लोकलचा पास मेट्रोच्या दारात चालत नाही. घर लांब आणि पगार कमी असलेल्यांनाच दोन-तीन वाहनं बदलावी लागतात, म्हणून हे किमान भाडं पुन्हा पुन्हा त्यांच्याच खिशातून जातं. एका प्रवासाला एकदाच किमान भाडं आकारायचं, तर बुडालेला वाटा रेल्वे, मेट्रो आणि बेस्ट यांनी आपसात कसा वाटून घ्यायचा हे ठरायला हवं. दिल्ली, मंत्रालय आणि महापालिका यांनी एकत्र बसून तो हिशेब अजून मांडलेला नाही.