सोनोग्राफीआधी उपाशी का राहायचं?

पोटाची सोनोग्राफी उपाशीपोटी करायची, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण 'कपभर दूधच घेतलंय, त्याने काय होतंय?' असं म्हणणारेही पुष्कळ. त्या कपाने बरंच काही होतं.

यकृताला खालून चिकटलेली पित्ताशयाची छोटी पिशवी पित्त साठवते. 6 ते 8 तास काही खाल्लं नाही की ती भरून फुगते आणि पडद्यावर काळीभोर दिसते. त्या काळ्यात बारीक खडाही पांढरा उठून दिसतो. दुधातली चरबी लहान आतड्यात पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात मिसळतं आणि पित्ताशय आकसून पित्त आतड्यात सोडतं. आकसलेल्या पिशवीत खडा शोधणं अवघड. शिवाय तिची भिंत जाड दिसते. भरलेल्या पित्ताशयात ती 3 मिलिमीटरहून जाड असेल तर सुजेची शंका घेतात. म्हणून काही खाल्लं-प्यायलं असेल तर तपासणीआधीच सांगून टाकावं. त्यात संकोच कसला?

दुसरा अडथळा खाण्याबरोबर पोटात जाणाऱ्या वायूचा. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी मऊ अवयवांतून सेकंदाला सुमारे 1,540 मीटर वेगाने जातात, पण वाटेत वायू आला की जवळपास सगळ्या तिथूनच परततात. जठरामागे दडलेलं स्वादुपिंड मग दिसतच नाही. च्युइंगगम चघळताना, सिगारेट ओढतानाही हवा गिळली जाते. साधं पाणी बहुधा चालतं.

व्यायामाबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही. धावून आल्यावर धाप लागलेली असते आणि तपासताना तर 'श्वास रोखा' म्हणतात. श्वासाबरोबर यकृत खालीवर सरकतं आणि तपासताना तर ते स्थिर दिसायला हवं. व्यायामात रक्त स्नायूंकडे वळतं, आतड्यांकडचा पुरवठा घटतो. जेवणानंतर नेमकं उलट. डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, यकृताकडे जाणारं रक्त मोजायचं असेल, तर या दोन्हींमुळे आकडे बदलतात. यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या इलॅस्टोग्राफीतही तेच, म्हणून तिच्याआधी निदान 10 मिनिटं विश्रांती घ्यायला सांगतात. माझं मत विचाराल तर त्या सकाळी व्यायाम नकोच. उपाशीपोटी दमून चक्कर येण्याचीही भीती असते.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी परस्पर उपास करू नये. सकाळची पहिली वेळ मागावी आणि डोस कधी घ्यायचा, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं.